युरोपात उतरल्यावर पुन्हा विमान नको: पॅरिस ते बर्लिन, सगळं रेल्वेने

महाराष्ट्रातून युरोपला जायचं तर विमानाशिवाय गत्यंतर नाही. पण एकदा तिकडे उतरल्यावर प्रत्येक टप्प्याला पुन्हा विमानतळ गाठायचं काहीच कारण नसतं. पॅरिस, स्वित्झर्लंड, व्हेनिस, व्हिएन्ना, प्राग, बर्लिन ही आपल्याकडच्या पर्यटकांची नेहमीची शहरं. ती सगळी रेल्वेने एकमेकांना जोडलेली आहेत आणि बहुतेक ठिकाणी स्टेशन शहराच्या पोटातच असतं. हा लेख पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी आहे, तसाच नोकरीशिक्षणासाठी तिकडे राहणाऱ्या आणि सुट्टीत फिरू पाहणाऱ्या मराठी माणसांसाठीही.

विमान की रेल्वे हे ठरवताना हिशोब दारापासून दारापर्यंतचा करा. उड्डाण दीड तासाचं असलं तरी विमानतळापर्यंतचा प्रवास, दोन तास आधी पोहोचणं, सुरक्षा तपासणी, बॅगांची वाट आणि तिथून पुन्हा शहरात येणं धरलं की अर्धा दिवस जातो. पॅरिसचा म्हणून विकला जाणारा बोव्हे विमानतळ तर शहरापासून ८० किलोमीटरवर आहे. आमचा साधा नियम असा: रेल्वेला सहा तासांपर्यंत लागत असतील तर डोळे मिटून रेल्वे घ्या. सहा ते दहा तास लागत असतील तर वाटेतला निसर्ग बघण्यासारखा आहे का, किंवा रात्रीची गाडी आहे का, ते पाहा. त्याहून लांब असेल तर मध्ये एक मुक्काम टाका. फ्रान्सने तर २०२३ मध्ये, अडीच तासांत रेल्वेने जाता येतं अशा काही देशांतर्गत मार्गांवरची विमानं कायद्यानेच बंद केली. पॅरिसच्या ऑर्ली विमानतळावरून लियाँ, नाँत आणि बोर्दोला जाणारी विमानं त्यात गेली.

आधी मार्ग आखा

मुंबईहून विमानाचं तिकीट काढताना जाण्याचं शहर एक आणि परतीचं दुसरं ठेवा: पॅरिसला उतरा, बर्लिनहून परत या. जाऊन-येऊन एकाच शहराचं तिकीट काढलं की शेवटी पुन्हा पॅरिसला यायला एक अख्खा दिवस आणि एक महागडं तिकीट खर्ची पडतं. नवख्यांच्या बेतात सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच.

उदाहरण म्हणून हा मार्ग घेऊ. पॅरिसच्या गार द लियाँ स्टेशनवरून टीजीव्ही लिरिया ही वेगवान गाडी तीन तासांच्या आसपास बाझेलला पोहोचवते. तिथून तासाभरात ल्युसर्न. ल्युसर्न किंवा झुरिकहून मिलान सव्वातीन तासांच्या आसपास. मिलान ते व्हेनिस अडीच तासांच्या आत. व्हेनिसहून रात्रीच्या गाडीने व्हिएन्ना. व्हिएन्ना ते प्राग चार तास, प्राग ते बर्लिन सव्वाचारच्या आसपास. यात एकही दिवस पूर्ण प्रवासात जात नाही.

ल्युसर्न ते मिलान या टप्प्यावर मात्र जरा थांबून विचार करा. थेट गाडी २०१६ मध्ये सुरू झालेल्या ५७ किलोमीटर लांबीच्या गोथार्ड बोगद्यातून जाते, म्हणजे आल्प्स पार करताना बराच वेळ खिडकीबाहेर काळोख. डोंगर बघायचे असतील तर ट्रेनो गोतार्दो नावाची साधी गाडी घ्या. ती जुन्या चढाच्या मार्गाने गोशेनेनवरून बेलिंझोनाला जाते, साधारण तासभर जास्त घेते आणि तिला आरक्षण लागत नाही. वासेन गावापाशी रूळ डोंगराच्या पोटात वळसे घेत वर चढतात. त्यामुळे गावातलं पांढरं चर्च तीनदा दिसतं: आधी मान वर करून, मग जवळपास समोर, आणि शेवटी खाली दरीत. बेलिंझोनाला उतरून मिलानची गाडी पकडायची. एवढ्यासाठी एक गाडी बदलावी लागली तरी जरूर बदला.

पास घ्यायचा की सुटी तिकिटं?

भारतात राहणाऱ्यांसाठी युरेल पास असतो, युरोपात राहणाऱ्यांसाठी इंटररेल. इथे पासपोर्ट कुठला हे नाही, तर राहता कुठे हे बघतात. म्हणजे म्युनिकमध्ये नोकरी करणारी पुण्याची मुलगी इंटररेल घेणार आणि तिला भेटायला आलेले आईबाबा युरेल. दोन्ही पास ३३ देशांत चालतात. इंटररेलवर स्वतःच्या राहत्या देशातून बाहेर पडण्याचा एक आणि परतण्याचा एक, एवढाच प्रवास त्या देशात मिळतो.

नवख्यांना बहुतेक वेळा महिन्याभरात चार, पाच किंवा सात प्रवासदिवसांचा पास पुरतो. प्रवासदिवस म्हणजे मध्यरात्री बारापासून पुढच्या मध्यरात्रीपर्यंत हव्या तितक्या गाड्या. रात्रीच्या गाडीत मध्यरात्रीनंतर गाडी बदलली नाही तर फक्त निघण्याचा दिवस मोजला जातो. २७ वर्षांपर्यंतच्यांना आणि ६० च्या पुढच्यांना सवलत आहे. ४ ते ११ वर्षांच्या मुलांचा पास मोठ्यांबरोबर मोफत मिळतो, एका मोठ्या माणसामागे दोन मुलं. पण तो मोफत पास वेगळा काढावा लागतो, आणि आरक्षणाचे पैसे मुलांनाही पडतात.

तरी पास घेण्याआधी बेरीज करा. आपल्या मार्गावरच्या सहा टप्प्यांची सुटी तिकिटं तीन महिने आधी किती पडतात ते कागदावर मांडा. शेजारी पासची किंमत लिहा आणि त्यात आरक्षणांची रक्कम मिळवा, कारण लोक विसरतात ती हीच. पास असला तरी फ्रान्स, स्पेन आणि इटलीतल्या वेगवान गाड्यांना आरक्षण सक्तीचं आहे. इटलीच्या फ्रेच्चारोसाला पासधारकाचं आरक्षण १३ युरोंचं, पॅरिस-लंडन युरोस्टारचं साधारण ३० ते ४० युरोंचं, आणि युरोस्टारमध्ये पासधारकांच्या जागा मोजक्याच. उलट जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडच्या दिवसाच्या अंतर्गत गाड्यांत पास दाखवून सरळ बसता येतं. तिथे आरक्षण ऐच्छिक असतं, पण शुक्रवारी संध्याकाळी आणि रविवारी ते जरूर करा, नाहीतर दोन डब्यांच्या मधल्या जागेत बॅगेवर बसून जावं लागतं. इटलीतल्या इतालो या खासगी कंपनीच्या गाड्यांत हा पास चालत नाही.

आमचं मत विचाराल तर तारखा पक्क्या असतील आणि टप्पे सहाच्या आत असतील तर सुटी तिकिटं स्वस्त पडतात. तारखा बदलण्याची शक्यता असेल, किंवा ऐनवेळी ठरवून फिरायचं असेल, तर पास. नुसतं स्वित्झर्लंडच फिरायचं असेल तर तिथला वेगळा स्विस ट्रॅव्हल पास बघा, त्यात बस आणि सरोवरावरच्या बोटीही येतात.

पास मोबाइलमधल्या रेल प्लॅनर ॲपमध्ये येतो. तिथे एक पायरी सगळ्यांची राहून जाते: गाडी नुसती 'माझा प्रवास' या यादीत टाकून भागत नाही, तिच्यासमोरचं बटण सरकवून ती पासवर चढवावी लागते. तेव्हाच तपासनिसाला दाखवायचा क्यूआर कोड तयार होतो. हे गाडीत चढण्याआधी करा. चढल्यावर नेट गेलं तर तपासनीस तुम्हाला विनातिकीट धरू शकतो.

तिकीट कधी, कुठे, कसं

युरोपात वेटिंग नाही, आरएसी नाही, तत्काळही नाही. वेगवान गाड्यांची तिकिटं विमानासारखी विकली जातात: स्वस्त कोटा आधी संपतो आणि भाव चढत जातो. गाडीनुसार तीन ते सहा महिने आधी विक्री उघडते. डिसेंबरच्या मध्यावर दरवर्षी सगळ्या युरोपचं वेळापत्रक बदलतं, म्हणून त्यापुढच्या तारखांची विक्री उशिरा सुरू होते. नाताळच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी तिकिटं दिसत नाहीत म्हणून घाबरू नये. लोकल आणि प्रादेशिक गाड्यांचं भाडं बहुतेक ठिकाणी ठरलेलं असतं, त्यांच्यासाठी घाई करू नका.

एकच गाडी दोन देशांच्या रेल्वे वेगवेगळ्या भावाने विकतात. व्हिएन्ना-प्राग आणि प्राग-बर्लिनचं तिकीट चेक रेल्वेच्या साइटवरही बघा, अनेकदा तिथे कमी भाव मिळतो. रात्रीची गाडी ऑस्ट्रियन रेल्वेच्या साइटवर, पॅरिसची फ्रेंच रेल्वेच्या. काही साइट भारतीय कार्ड घेत नाहीत. अशा वेळी ट्रेनलाइनसारख्या विक्रेत्याकडून थोडं शुल्क देऊन काढता येतं. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करून घ्या, आणि ओटीपी ज्या भारतीय सिमवर येतो ते सिम तिकडे रोमिंगमध्ये जिवंत ठेवा. प्रागमध्ये बसून तिकीट काढताना ओटीपीच न येणं ही फार नेहमीची अडचण आहे.

स्वस्त तिकीट बहुधा त्याच गाडीपुरतं असतं आणि त्याचे पैसे परत मिळत नाहीत. मागची गाडी रिकामी दिसली म्हणून तिच्यात बसलात तर दंड होतो.

जोडगाडीसाठी वेळ ठेवा

सगळा प्रवास तरतो किंवा बुडतो तो इथे. ॲप तुम्हाला सात मिनिटांत गाडी बदलून जोडगाडी, म्हणजे पुढच्या टप्प्याची गाडी, पकडायला सांगेल. स्वित्झर्लंडमध्ये सात मिनिटं पुरतात, कारण तिथलं वेळापत्रकच गाड्या एकमेकींना भेटतील असं बांधलेलं आहे, आणि बऱ्याचदा जोडगाडी शेजारच्याच फलाटावर उभी असते. जर्मनीत हा भरवसा ठेवू नका. २०२४ मध्ये डॉइचे बान या जर्मन रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी फक्त ६२.५ टक्के वेळेवर होत्या, आणि तिथे सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर 'वेळेवर' धरतात. शिवाय जुने मुख्य मार्ग एकेक करून महिनोन्महिने पूर्ण बंद ठेवून दुरुस्त करण्याचा कार्यक्रम चालू आहे. तेव्हा जर्मनीत तासभर मध्ये ठेवा, आणि दिवसातली शेवटची जोडगाडी कधीच धरून चालू नका.

पॅरिसमध्ये अडचण वेगळी आहे: स्टेशन बदलावं लागतं. लंडन, ब्रसेल्स, ॲमस्टरडॅमच्या गाड्या गार द्यु नोरला येतात. स्वित्झर्लंड, लियाँ, मिलान, बार्सिलोनाच्या गार द लियाँहून सुटतात. फ्रँकफर्ट आणि म्युनिकच्या गार द लेस्तहून. गार द्यु नोर ते गार द लियाँ हे अंतर आरईआर डी या लोकलने दोनच स्टेशनांचं आहे, पण जिने, तिकिटाची फाटकं आणि बॅगा धरून दीड तास ठेवा. गार द लियाँमध्ये एका दालनातल्या फलाटांना अक्षरं आहेत आणि दुसऱ्यातल्या फलाटांना आकडे. फलाट कळला की आधी दालन कुठलं ते बघा.

व्हेनिसची दोन स्टेशनं नीट लक्षात ठेवा. मेस्त्रे जमिनीवर आहे, सांता लुचिया पाण्यातल्या जुन्या शहरात. दोन्हींत दहाएक मिनिटांचं अंतर, पण हॉटेल मेस्त्रेत असताना सांता लुचियाला उतरलं की सामानासह उलटं यावं लागतं. बर्लिनचं मुख्य स्टेशन मजल्यांचं आहे: १ ते ८ फलाट जमिनीखाली, ११ ते १६ वर. शहरांची नावं पाट्यांवर स्थानिक भाषेत असतात, म्हणून आपल्या मार्गातली आधीच लिहून ठेवा: व्हेनेत्सिया, मिलानो, वीन, प्राहा. जर्मन भागात म्युनिकचं म्युन्शन आणि कोलोनचं क्योल्न होतं.

जमेल तिथे संपूर्ण टप्प्याचं एकच तिकीट काढा. एका तिकिटावर पहिली गाडी उशिरा आल्याने दुसरी चुकली तर पुढे पोहोचवण्याची जबाबदारी रेल्वेची. दोन सुटी तिकिटं असतील तर तो हक्क इतका भक्कम राहत नाही.

फलाटावर आणि डब्यात

अनेक स्टेशनांवर पिवळ्या कागदावरचं वेळापत्रक सुटणाऱ्या गाड्यांचं आणि पांढऱ्यावरचं येणाऱ्यांचं असतं. जर्मनी-स्वित्झर्लंडमध्ये फलाट आधीच ठरलेला असतो. इटली आणि फ्रान्समध्ये तो सुटण्याच्या दहा-वीस मिनिटं आधी बोर्डावर झळकतो आणि सगळी गर्दी एकदम धावते. टीजीव्हीचे दरवाजे सुटण्याच्या दोन मिनिटं आधी बंद होतात. स्पेनमध्ये वेगवान गाडीसाठी सामान एक्स-रेतून जातं, म्हणून तिथे अर्धा तास आधी पोहोचा.

फलाटाचे ए, बी, सी असे भाग पाडलेले असतात आणि कुठला डबा कुठल्या भागात लागेल ते बोर्डावर दाखवतात. आपल्याकडच्या कोच इंडिकेटरसारखंच. हे बघणं एवढ्यासाठी महत्त्वाचं की काही गाड्या वाटेत तुटतात. बर्लिनहून पश्चिमेला जाणाऱ्या काही आयसीई या वेगवान जर्मन गाड्या हाम स्टेशनात दोन भाग होऊन वेगवेगळ्या शहरांना जातात. रात्रीच्या गाड्यांत तर हे सर्रास होतं. गाडी बरोबर पण डबा चुकीचा, असं झालं तर सकाळी भलत्याच देशात जाग येते. चढताना दरवाज्याजवळच्या पाटीवर गंतव्य शहराचं नाव वाचाच.

इटलीत प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटाजवळच्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्यावा लागतो. डिजिटल असेल तर मोबाइलवर चेक-इन करावं लागतं. ते विसरलात तर तिकीट असूनही दंड. फ्रेच्चारोसासारख्या आरक्षित गाड्यांना हा नियम नाही.

सामान स्वतः उचलता येईल एवढंच घ्या. हमाल नाहीत, पायऱ्या उंच आहेत, गाडी दोन-तीन मिनिटं थांबते. माणशी एक मध्यम बॅग आणि पाठीवर एक सॅक पुरते. टीजीव्हीत ९० बाय ७० बाय ५० सेंटिमीटरपर्यंतच्या दोन बॅगा आणि एक लहान पिशवी एवढीच मुभा आहे, आणि बॅगांवर नावाची चिठ्ठी हवी. पासपोर्ट, पैसे आणि औषधं अंगावरच्या पिशवीत. चोऱ्या मुख्यतः मोठ्या स्टेशनांवर होतात: गार द्यु नोर, मिलान सेंट्रल, रोमा तेरमिनी, बार्सिलोना सांट्स. दरवाजा बंद होण्याच्या क्षणी हातातला फोन हिसकावून उतरणं आणि तिकीट यंत्रापाशी 'मदत' करायला येणं हे दोन नेहमीचे प्रकार. यंत्रापाशी मदत मागू नका, घेऊ नका.

खाण्याचं स्टेशनवरून घेऊन चढा. शाकाहारी असाल तर चिवडा-खाकऱ्याचा डबा जवळ असावाच. पण भारतातून निघताना तूप, पेढे, पनीर असे दुधाचे पदार्थ आणि मांस युरोपीय संघात नेण्यास बंदी आहे हे ध्यानात ठेवा. चेक गाड्यांच्या डायनिंग कारमध्ये मात्र जरूर जेवा. तिथे गरम जेवण ताटात वाढून मिळतं आणि अनेकदा तळलेलं चीज हा शाकाहारी पदार्थही असतो. प्रागहून बर्लिनला जाताना उजव्या हाताची खिडकी घ्या. ड्रेस्डेनपर्यंतचा बराचसा मार्ग आधी व्ल्टावा आणि मग एल्ब नदीच्या काठाने जातो आणि नदी त्याच बाजूला राहते.

रात्रीची गाडी

व्हेनिस-व्हिएन्ना ही ऑस्ट्रियन रेल्वेची नाइटजेट रात्री नऊच्या सुमारास निघते आणि सकाळी आठच्या सुमारास पोहोचते. एका हॉटेलचं भाडं वाचतं आणि दिवसही. तीन प्रकार असतात. बसायची जागा स्वस्त, पण अकरा तासांसाठी ती घेऊ नका. कुशेत म्हणजे चार किंवा सहा बर्थची बंद खोली, आपल्या थ्री-टियरसारखी, उशी-पांघरुणासकट. स्लीपरमध्ये एक ते तीन माणसं, हात धुवायचं बेसिन आणि खरी गादी. चौघांच्या कुटुंबाने चार बर्थचं अख्खं कुशेत घेणं सर्वांत सोयीचं. एकट्या बाईला फक्त स्त्रियांच्या कुशेतची जागा मागता येते, तिकीट काढतानाच ती निवडायची.

गाडी सुटल्यावर परिचारक तिकिटं तपासतो, सकाळी उठवतो आणि नाश्ता देतो. दाराला आतून दोन कड्या असतात, दोन्ही लावा. बर्थ खूप आधी संपतात, म्हणून या मार्गावरचं पहिलं तिकीट याच गाडीचं काढा आणि बाकीच्या तारखा तिच्याभोवती बसवा. बर्थ मिळालाच नाही तर दिवसाची थेट गाडी घ्या. तीही सुंदर आहे. व्हिएन्नाच्या आधी ती सेमरिंगचा घाट उतरते. हा मार्ग १८५४ चा, म्हणजे आपल्या बोरघाटाच्याही आधीचा. बोरघाटातून गाडी सुरू झाली १८६३ मध्ये. सेमरिंगचे दोन मजली दगडी कमानींचे पूल खिडकीतूनच दिसतात.

गाडी उशिरा आली किंवा चुकली तर

पहिलं काम: गाडीतल्या तपासनिसाकडून किंवा स्टेशनच्या मदत खिडकीवरून उशिराचा लेखी दाखला किंवा शिक्का घ्या. दुसरं: नवं तिकीट विकत घ्यायची घाई करू नका. मुक्कामाला तासापेक्षा जास्त उशीर होणार असेल तर पैसे परत घेणं किंवा दुसऱ्या गाडीने पुढे जाणं यातलं एक निवडायचा हक्क युरोपीय संघाच्या नियमाने मिळतो. जर्मनीत तर मुक्कामाला किमान २० मिनिटं उशीर होणार असं दिसलं की स्वस्त तिकिटाची 'त्याच गाडीची' अट उठते. ६० ते ११९ मिनिटं उशीर झाला तर भाड्याच्या २५ टक्के आणि १२० मिनिटांपुढे ५० टक्के भरपाई मागता येते. ती मागावी लागते, आपोआप येत नाही. वादळ-पुरासारख्या अपवादात्मक कारणांत भरपाई नाकारली जाऊ शकते, पण पुढे पोहोचवणं टळत नाही.

कागदपत्रं

शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, सीमा ओलांडताना गाडी थांबवून शिक्के मारत नाहीत. तरी मूळ पासपोर्ट जवळच ठेवा, मोबाइलमधला फोटो चालत नाही. जर्मनीने सप्टेंबर २०२४ पासून आपल्या सगळ्या जमिनी सीमांवर तपासणी सुरू केली आहे आणि पोलीस डब्यात येऊन कागद बघतात. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, पण शेंगेनमध्ये आहे, तेव्हा त्यासाठी वेगळा व्हिसा लागत नाही.

लंडन जोडायचं असेल तर गोष्ट बदलते. ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढावा लागतो. पॅरिसला गार द्यु नोरच्या वरच्या मजल्यावर फ्रान्सची आणि ब्रिटनची दोन्ही पासपोर्ट तपासणी गाडीत चढण्याआधीच होते. म्हणून दीड तास आधी पोहोचा. आणि लंडनहून पुन्हा शेंगेनमध्ये यायचं असेल तर व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा आहे की नाही ते मुंबईत अर्ज भरतानाच तपासा. एका प्रवेशाच्या व्हिसावर पॅरिसहून लंडनला गेलेला माणूस युरोस्टारने परत पॅरिसला येऊ शकत नाही.